कोणाचा धर्म, कोणावर कायदा?

यंदा आमच्या महाविद्यालयातील वादविवाद स्पर्धेचा विषय होता, 'धर्मश्रद्धेने देशाच्या कायद्याला वळण द्यावे काय?' चिठ्ठ्या टाकून बाजू ठरल्या आणि माझ्या वाट्याला 'द्यावे' ही बाजू आली. मी आठ मिनिटे बोलले. धर्म म्हणजे धारण करणारा, धर्म हाच नीतीचा पाया, धर्म काढून घेतला तर कायदा म्हणजे नुसता पोलिसाचा दंडुका, अशी वाक्ये मी पाठ करून ठेवली होती. टाळ्याही मिळाल्या. व्यासपीठावरून खाली उतरले तेव्हा राज्यशास्त्राच्या सरांनी एवढेच विचारले, "बोललीस छान. पण कोणाचा धर्म, आणि कोणावर कायदा?" मला उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेख म्हणजे ते उत्तर शोधण्याचा प्रयत्न होय. त्यासाठी मी ग्रंथालयात बसले, घरात आजीशी आणि आईशी बोलले, आणि स्पर्धेत घेतलेली बाजू पुन्हा एकदा तपासून पाहिली.

१. शब्दांचा घोळ

वादाला बसण्यापूर्वी शब्द निवडून घ्यावेत हे बरे. आपल्या भाषेत 'धर्म' हा शब्द दोन अर्थांनी चालतो. शेजारधर्म, राजधर्म, आपद्धर्म म्हणताना आपल्या मनात कर्तव्य असते. हिंदू धर्म, इस्लाम धर्म, ख्रिस्ती धर्म म्हणताना मात्र विशिष्ट देव, ग्रंथ, पूजाविधी आणि त्या मानणाऱ्या माणसांचा समाज असतो. स्पर्धेत मी केलेली चलाखी मला आता कळते. पहिल्या चार मिनिटांत मी धर्म शब्द पहिल्या अर्थाने वापरला आणि श्रोत्यांची मान डोलली, की पुढल्या चार मिनिटांत हळूच दुसऱ्या अर्थावर सरकले. कायदा कर्तव्यबुद्धीवर उभा असावा हे कोण नाकारील? वाद आहे तो दुसऱ्या अर्थाविषयी. एका समाजाच्या श्रद्धेत एखादी गोष्ट पवित्र वा पापमय आहे, एवढ्याच कारणाने ती सर्वांवर बंधनकारक करावी काय, हा खरा प्रश्न आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. हा प्रश्न आपल्याकडे कोऱ्या पाटीवर लिहिलेला नाही. १७७२ मध्ये वॉरन हेस्टिंग्जच्या काळात असे ठरले, की विवाह, वारसा, जातिविषयक तंटे यांत हिंदूंना शास्त्राप्रमाणे आणि मुसलमानांना कुराणाप्रमाणे न्याय द्यावा. ज्या गोष्टी घराच्या आत घडतात, म्हणजे ज्या प्रामुख्याने स्त्रियांच्या आयुष्याला भिडतात, तेवढ्याच धर्माकडे राहिल्या. चोरी, खून, करार, जमीनमहसूल यांसाठी हळूहळू सर्वांना एक कायदा झाला. म्हणूनच या विषयाचा इतिहास वाचू लागले की पानोपानी बायकाच भेटतात.

२. चोंडीची लेक आणि तिची लेक

सुरुवात आपल्याच तालुक्यातून करते. जामखेड तालुक्यातील चोंडी या गावी ३१ मे १७२५ रोजी अहिल्याबाईंचा जन्म झाला. २०२४ मध्ये आपल्या जिल्ह्याला त्यांचेच नाव मिळाले. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात त्यांचे पती खंडेराव होळकर मारले गेले. अहिल्याबाई सती जाण्यास निघाल्या. सासरे मल्हारराव यांनी विनवण्या करून त्यांना मागे फिरविले, हे आपण शाळेत शिकलो आहोत. पुढे १७६७ पासून १७९५ पर्यंत त्यांनी महेश्वरहून राज्यकारभार केला. काशीपासून रामेश्वरापर्यंत त्यांनी बांधलेली देवळे, घाट आणि धर्मशाळा आजही उभ्या आहेत. त्यांच्याइतकी धर्मनिष्ठ राज्यकर्ती शोधून सापडणार नाही.

शाळेत जे फारसे सांगत नाहीत ते असे. १७९१ मध्ये अहिल्याबाईंचे जावई यशवंतराव फणसे वारले आणि त्यांची एकुलती एक मुलगी मुक्ताबाई सती निघाली. आईने तिला परोपरीने विनविले. मुलीने ऐकले नाही, आणि ज्या आईला सासऱ्याच्या शब्दाने वाचविले होते तिला आपल्या लेकीची चिता पाहावी लागली.

मी या प्रसंगापाशी पुष्कळ थांबले. राज्य अहिल्याबाईंचे होते, फौज त्यांची होती, न्याय त्यांच्या दरबारात होत होता. तरी एका आईला विनवणीपलीकडे काही करता आले नाही, कारण सती ही धर्माची बाब मानली गेली होती आणि धर्माच्या बाबीला हुकूम लागू होत नसे. मल्हाररावांच्या विनवणीला यश आले, अहिल्याबाईंच्या विनवणीला आले नाही. एका बाईचे जगणे वा मरणे हे कोणाची विनवणी फळते यावर लटकत राहावे, ही गोष्ट मनाला पटत नाही.

यानंतर अडतीस वर्षांनी, डिसेंबर १८२९ मध्ये, बेंटिंकने बंगालमध्ये सतीबंदीचा कायदा केला. १८३० मध्ये तो मुंबई व मद्रास इलाख्यांतही आला. सनातनी मंडळींनी त्याविरुद्ध थेट विलायतेच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत दाद मागितली. १८३२ मध्ये त्यांचा अर्ज फेटाळला गेला. राजा राममोहन रॉय यांनी शास्त्राधारे दाखविले होते की सती जाणे हे विधवेचे अटळ कर्तव्य नव्हे. विरुद्ध बाजूने शास्त्राधारेच उलट दाखविले. दोन्ही बाजूंचे पंडित विद्वान होते. पण समजा, सनातन्यांचाच अर्थ बिनचूक ठरला असता, तर बायका जाळू दिल्या असत्या काय? या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल, तर कायद्याचा आधार शास्त्रात नव्हता. जिवंत माणूस जाळू नये, एवढाच तो होता, आणि तेवढा पुरेसा होता.

३. रखमाबाई आणि संमतिवयाचा वाद

दुसरे प्रकरण मुंबईचे. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी झाले होते. त्या सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरीच वाढल्या, शिकल्या आणि सासरी जाण्यास त्यांनी नकार दिला. १८८४ मध्ये दादाजींनी दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. अपिलात तो फिरला, आणि मार्च १८८७ मध्ये हुकूम झाला, की नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद भोग. रखमाबाईंनी कळविले, कैद पत्करते. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. रखमाबाई विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या आणि पुढे सुरत व राजकोट येथे त्यांनी आयुष्यभर काम केले.

या खटल्यातील एक गमतीची, खरे तर खिन्न करणारी बाब अशी. 'धर्म बुडाला' म्हणून जी मंडळी दादाजींच्या पाठीशी उभी राहिली, ती ज्या कायद्यासाठी भांडत होती तो हिंदू धर्मशास्त्रातला नव्हताच. पत्नीला न्यायालयाच्या हुकमाने नांदायला पाठविण्याचा दावा इंग्लंडातील ख्रिस्ती धर्मन्यायालयांच्या कायद्यातून इकडे आला होता. न्या. पिन्हे यांनी आपल्या निकालात नेमके यावरच बोट ठेवले होते. म्हणजे एका धर्माची रीत दुसऱ्या धर्माच्या स्त्रीवर लादली गेली, आणि तिसऱ्याच कोणी तिला सनातन म्हटले! १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या नवव्या कलमात तो दावा अजूनही नांदतो आहे. धर्म म्हणून आपण जे उराशी धरतो ते पुष्कळदा रूढी असते, आणि कधीकधी तर ती आपली रूढीही नसते.

या खटल्याच्या पाठोपाठ संमतिवयाचे बिल आले. १८९० मध्ये कलकत्त्यात फुलमणी नावाची बालिका नवऱ्याच्या अत्याचाराने मरण पावली. मार्च १८९१ मध्ये कायदा होऊन संमतीचे वय दहावरून बारा झाले. दहावरून बारा, एवढेच! पण त्यासाठी पुण्यात केवढे रण माजले. बेहरामजी मलबारी, न्या. रानडे, न्या. तेलंग एका बाजूला. डॉ. रा. गो. भांडारकरांनी जुने ग्रंथ उलगडून दाखविले, की या कायद्याने शास्त्राचा भंग होत नाही. विरुद्ध बाजूला लोकमान्य टिळक.

टिळकांवर अन्याय होऊ नये म्हणून त्यांचे म्हणणे नीट मांडते. बालविवाह चांगला, असे ते म्हणत नव्हते. सुधारणा समाजाच्या आतून, शिक्षणाने व्हावी. परक्या सरकारच्या हाती आपल्या घराची किल्ली देऊ नये, असा त्यांचा मुद्दा होता. तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. जे लोकांना पटलेले नाही ते कायद्याने लादले की कायदा कागदावर राहतो, हे खरे आहे. परंतु दहा वर्षांच्या मुलीने समाज सुशिक्षित होईपर्यंत थांबावे, हे तिला कोणी सांगायचे? जे थांबू शकतात त्यांनी, जे थांबू शकत नाहीत त्यांच्या वतीने, धीर धरण्याचे ठरवू नये.

४. घटनेने काय ठरविले

स्वातंत्र्यानंतर परके सरकार हा आक्षेप उरला नाही. घटनेच्या पंचविसाव्या कलमाने प्रत्येकाला आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला. पण त्यावर मर्यादाही घातल्या: सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि इतर मूलभूत हक्क. समाजसुधारणेसाठी कायदा करण्याची मोकळीक सरकारला त्याच कलमात आहे. आपल्याकडे धर्माच्या कल्पना जन्मापासून मरणापर्यंत सगळे जीवन व्यापून बसल्या आहेत, तेव्हा धर्माची व्याप्ती मर्यादित केल्याखेरीज सामाजिक सुधारणेचा एकही कायदा करता येणार नाही, अशा आशयाचे विवेचन डॉ. आंबेडकरांनी डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत केले होते. हिंदू कोड बिल रखडले आणि सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले, यामागचे एक मोठे कारण तेच.

मुंबई इलाख्याने याआधीच पाऊल टाकले होते. १९४६ च्या कायद्याने हिंदूंना दुसरे लग्न करण्यास बंदी झाली. हा कायदा धर्मात ढवळाढवळ करतो, असा आक्षेप उच्च न्यायालयात आला. १९५१ च्या नरसू आप्पा माळी या गाजलेल्या खटल्यात न्या. छागला आणि न्या. गजेंद्रगडकर यांनी कायदा उचलून धरला. पुत्राविना सद्गती नाही, या श्रद्धेवर छागलांचे उत्तर मोठे मार्मिक होते. ते म्हणाले, ज्या धर्माने पुत्र आवश्यक मानला त्याच धर्माने दत्तकही सांगितला आहे. श्रद्धा आणि आचरण या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. श्रद्धेला राज्य संरक्षण देते, पण आचरण लोकहिताच्या आड आले तर ते बाजूला सारले पाहिजे, हे तत्त्व या निकालात आले. त्याच निकालाने व्यक्तिगत कायदे मूलभूत हक्कांच्या कसोटीला लावता येत नाहीत, असेही म्हणून ठेवले, आणि त्यावरचा वाद पुढे चालूच राहिला.

मुंबई राज्याने १९४९ मध्ये बहिष्कृत करण्याच्या प्रथेविरुद्ध कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिले आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द ठरविला. धर्मसंस्थेला आपली शिस्त राखण्याचा हक्क आहे, असा बहुमताचा कौल पडला. मग २०१६ मध्ये महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा केला. जातपंचायतींनी वाळीत टाकलेल्या कुटुंबांच्या कहाण्या वर्तमानपत्रांत येत होत्या, त्यांचा तो परिणाम होय.

सुधारणा फक्त हिंदूंच्याच वाट्याला येते, असेही कोणी समजू नये. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांनी सात मुसलमान स्त्रियांचा मोर्चा मुंबईच्या विधिमंडळावर नेला. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा, ही मागणी. मोर्चात माणसे आठ. १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले. दलवाई १९७७ मध्ये गेले. तीन तलाकची प्रथा सर्वोच्च न्यायालयाने अवैध ठरविली ती २०१७ मध्ये. सात बायकांच्या मागणीला पन्नासाहून अधिक वर्षे लागली.

५. शिंगणापूरचा चौथरा

आता आपल्या जिल्ह्यात परत येते. नेवासे तालुक्यातील शनिशिंगणापूर सर्वांना ठाऊक आहे. उघड्या चौथऱ्यावर शनिदेवाची काळी शिळा, गावात घरांना दारे नाहीत ही ख्याती. पुरुष ओलेत्याने चौथऱ्यावर जात, स्त्रियांनी खालून हात जोडावेत, ही रीत. नोव्हेंबर २०१५ मध्ये एक तरुणी चौथऱ्यावर चढली. दुसऱ्या दिवशी शिळेला दुधाचा अभिषेक करून शुद्धी करण्यात आली. २६ जानेवारी २०१६ रोजी भूमाता ब्रिगेडच्या स्त्रियांचा मोर्चा पोलिसांनी सुप्याजवळ अडविला.

प्रश्न उच्च न्यायालयात गेला. विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक यांनी याचिका केली होती. त्यांनी आधार घेतला तो १९५६ च्या एका कायद्याचा. सार्वजनिक हिंदू देवस्थानात कोणत्याही वर्गाच्या हिंदूला प्रवेश नाकारता येणार नाही, असे तो सांगतो. हा कायदा मुळात अस्पृश्य मानलेल्या बांधवांसाठी झाला होता. त्यामागे १९३० चा नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह आणि १९४७ मधील सानेगुरुजींचे पंढरपूरचे दहा दिवसांचे उपोषण उभे आहे. पुरुषांसाठी उघडलेले दार स्त्रियांनाही लागू होते, हे कळायला साठ वर्षे गेली. १ एप्रिल २०१६ रोजी न्यायालयाने सरकारला कायद्याची अंमलबजावणी करण्यास सांगितले आणि ८ एप्रिलला, गुढीपाडव्याच्या दिवशी, देवस्थानाने चौथरा सर्वांना मोकळा केला.

माझी आजी वर्षातून एकदा तरी शनि अमावास्येला शिंगणापूरला जाते. मी तिला विचारले, "आता तू चौथऱ्यावर जातेस का गं?"

ती म्हणाली, "नाय बाई. माझ्या सासूनं जे पाळलं ते मी पाळते."

"मग कायदा झाला तो चुकीचा?"

ती जरा थांबली. म्हणाली, "चुकीचा कशापायी? कायद्यानं वाट मोकळी केली. पाय तर माझेच हायेत ना. मी जायची नाय. पर जिला जायचंय तिला आडवायचं मी कोण?"

माझ्या आठ मिनिटांच्या भाषणात जे नव्हते ते आजीच्या या चार वाक्यांत होते. कायद्याने आजीची श्रद्धा काढून घेतली नाही. तिने खालूनच हात जोडावेत, तेल वाहावे, कोणी तिला वर ढकलीत नाही. कायद्याने काढून घेतला तो एवढाच अधिकार: आपल्या श्रद्धेसाठी दुसरीचे पाय धरून ठेवण्याचा.

हाच विवेक २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यातही दिसतो. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी त्यासाठी अनेक वर्षे खस्ता खाल्ल्या. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला आणि मग कायदा आला. हा कायदा धर्मावर घाला घालणारा आहे, असा प्रचार झाला होता. प्रत्यक्षात पूजा, प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, भजन, प्रवचन यांना तो हात लावीत नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. नरबळी, अघोरी उपाय, भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण, सर्पदंशावर दवाखान्यात जाऊ न देणे, यांना तो मनाई करतो. देव मानू नका, असे त्याचे एकही कलम म्हणत नाही.

६. दुसऱ्याच्या श्रद्धेखाली आपण

आपण बहुसंख्य आहोत, तेव्हा आपल्या श्रद्धेचा कायदा झाला तर बिघडले काय, असे मला स्पर्धेच्या वेळी मनातून वाटत होते. त्यावर एक प्रसंग वाचण्यात आला. सविता हलप्पनवार या ३१ वर्षांच्या दंतवैद्य. माहेर बेळगावचे, राहणे आयर्लंडमध्ये. तो कॅथलिक बहुसंख्येचा देश. १९८३ मध्ये तेथे गर्भाच्या जीविताचा हक्क घटनेतच घातला गेला होता. ऑक्टोबर २०१२ मध्ये चार महिन्यांच्या गरोदर असलेल्या सविता रुग्णालयात आल्या. गर्भ टिकणार नाही हे उघड होते. गर्भपात करा, असे त्यांनी विनविले. परंतु गर्भाचे ठोके चालू असल्यामुळे नकार मिळाला. हा कॅथलिक देश आहे, असे त्यांना सांगण्यात आल्याचे पुढे चौकशीत समोर आले. २८ ऑक्टोबर २०१२ रोजी जंतुसंसर्गाने त्यांचा मृत्यू झाला. उपचारातील हयगयीवरही चौकशीत ठपका ठेवला गेला, हे नमूद केले पाहिजे. पण ज्या श्रद्धेचा तो कायदा होता ती सवितांची नव्हती. २५ मे २०१८ रोजी आयर्लंडच्या जनतेने सार्वमताने ते कलम काढून टाकले. मतदान करणाऱ्यांत बहुसंख्य लोक कॅथलिक घरांतलेच होते.

बहुसंख्य असणे हा पत्त्याचा प्रश्न आहे. जामखेडला बहुसंख्य असलेला माणूस विमानाने आठ-दहा तास गेला की अल्पसंख्य होतो. तेथे आपल्याला जो न्याय हवासा वाटतो तोच येथे दुसऱ्याला दिला पाहिजे.

मग सर्वांना एकच कायदा केला की प्रश्न सुटला काय? गोव्याकडे पाहावे. पोर्तुगीजांची नागरी संहिता तेथे १८७० पासून आली आणि १९६१ च्या मुक्तीनंतरही राहिली. विवाहाची नोंद, पतिपत्नीचा मालमत्तेत समान वाटा, मुलामुलींना वारसा, हे तिचे गुण खरेच घेण्याजोगे आहेत. पण त्याच व्यवस्थेत १८८० च्या हुकमाने हिंदू पुरुषाला, पत्नीला ठराविक वयापर्यंत अपत्य वा पुत्र झाला नाही तर, दुसऱ्या लग्नाची सवलत ठेवली होती. 'समान' अशी पाटी लावली म्हणून आत रूढी शिरत नाही, असे नाही. पाटीपेक्षा कलमे वाचावीत.

७. श्रद्धाळू माणसाचा हक्क

येथवर वाचून कोणाला वाटेल, की मी आता दुसऱ्या टोकाला गेले. तसे नाही. सानेगुरुजी पंढरपूरला उपोषणाला बसले ते श्रद्धेनेच. राममोहन, रानडे, भांडारकर ही सर्व ईश्वरनिष्ठ माणसे. महात्मा फुले यांनी जुना धर्म नाकारताना सार्वजनिक सत्यधर्म मांडला. श्रद्धाळू माणसाने आपली श्रद्धा घरी खुंटीला टांगून मग मतदानाला वा विधानसभेत यावे, ही अपेक्षा अशक्य आहे आणि अन्यायाचीही आहे. श्रद्धा ही प्रेरणा असू शकते. मात्र कायद्याचे कारण म्हणून ती पुरत नाही. सानेगुरुजींची प्रेरणा विठ्ठल होती, पण 'माणसाला माणसाने अडवू नये' हे त्यांचे कारण विठ्ठल न मानणाऱ्यालाही समजत होते.

अवघड उदाहरण घ्यायचे तर गोवंशहत्याबंदीचे. महाराष्ट्रात गायीसंबंधीचा कायदा १९७६ चा. २०१५ मध्ये बंदी बैल-वळूंनाही लागू झाली. घटनेच्या अठ्ठेचाळिसाव्या कलमात कारण दिले आहे ते शेतीचे आणि पशुसंवर्धनाचे. घटना समितीत झेड. एच. लारी या सदस्यांनी म्हटले होते, की सभागृहाला बंदी हवी असेल तर आडवळणाने न घालता स्पष्ट शब्दांत घालावी. आमच्या घरी म्हातारा बैल दावणीलाच मेला. वडिलांनी त्याला विकला नाही. ती त्यांची श्रद्धा, आणि मला तिचा अभिमान आहे. पण आमच्या दुष्काळी तालुक्यात भाकड जनावराच्या वैरणीचा खर्च कोणी सोसायचा, हा शेजारच्या कोरडवाहू शेतकऱ्याचा प्रश्नही खरा आहे. याबाबत माझे मत अजून पक्के झालेले नाही. एवढे मात्र कळले, की खरे कारण एक आणि कागदावरचे कारण दुसरे असले की निकोप चर्चाच होऊ शकत नाही.

८. कायदा झाला, पुढे काय?

टिळकांचा अर्धा मुद्दा मी उधार ठेवला होता, तो आता फेडते. १९५६ च्या कायद्याने हिंदू मुलीला वडिलांच्या मिळकतीत वारसा मिळाला. १९९४ मध्ये महाराष्ट्राने आणि २००५ मध्ये केंद्राने तिला वडिलार्जित मिळकतीतही मुलाप्रमाणे जन्मतः हक्क दिला. मनूचा कायदा संपला. आणि तरी, आजोबा वारल्यावर माझ्या आईने आणि दोन्ही मावश्यांनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. कोणी दमदाटी केली नाही. मामाने तिघींना साड्या घेतल्या. मी आईला विचारले तेव्हा ती म्हणाली, "भावाच्या तोंडचा घास काढला तर देव बघतो. आणि माहेर तुटलं तर दिवाळीला जाऊ कुठं?"

माझ्या वर्गातील मैत्रीण मुसलमान आहे. शरियतने मुलीचा हिस्सा, मुलाच्या निम्मा का होईना, तेराशेहून अधिक वर्षांपूर्वी ठरवून दिला. तिच्या आईनेही तो भावांना सोडून दिला. एकीच्या धर्माने पूर्वी हक्क नाकारला होता, दुसरीच्या धर्माने दिला होता; दोघींच्या सह्या सारख्याच. म्हणजे धर्मग्रंथही कागदावर आणि कायदाही कागदावर, राज्य चालले ते रूढीचे.

तेव्हा कायद्यावाचून भागत नाही आणि नुसत्या कायद्याने पुरत नाही. आपल्या जामखेडात १९७० पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावोगावच्या साध्या, पुष्कळदा निरक्षर बायांना आरोग्यसेविका केले. बाळाला पहिले चिकाचे दूध देऊ नये, असल्या समजुती कोणत्याही कलमाने गेल्या नाहीत. शेजारच्याच बाईने ओट्यावर बसून समजावले म्हणून गेल्या. कायद्याने दार उघडायचे आणि माणसांनी एकमेकांना त्यातून चालायला धीर द्यायचा, अशी ही वाटणी आहे.

९. सरांच्या प्रश्नाचे उत्तर

थोडक्यात, कोणताही कायदा समोर आला की मी आता तीन प्रश्न विचारीन. पहिला, त्याचे कारण तो धर्म न मानणाऱ्यालाही समजेल अशा शब्दांत सांगता येते काय? दुसरा, त्याचा भार कोणावर पडतो. मागणी करणाऱ्यावर, की ज्यांना विचारलेच नाही त्यांच्यावर? तिसरा, तो माणसाच्या मनातील देवावर हात टाकतो, की एका माणसाने दुसऱ्यावर टाकलेला हात धरतो? सतीबंदी या तिन्ही कसोट्यांना उतरते. शिंगणापूरचा निकाल उतरतो. सवितांना लागू झालेले कलम उतरत नाही. आणि उद्या कोणी आजीला जबरदस्तीने चौथऱ्यावर चढविणारा कायदा केला, तर तोही उतरणार नाही.

स्पर्धा पुन्हा झाली आणि चिठ्ठीत तीच बाजू आली, तर मी तिच्या बाजूने बोलू शकेन; पण टाळ्यांसाठी शब्दाचा अर्थ मध्येच बदलणार नाही.

राहता राहिला माझा प्रश्न. मला एक धाकटा भाऊ आहे आणि माझा त्याच्यावर जीव आहे. आज ना उद्या तोच कागद माझ्यासमोरही येईल. सही करावी की नाही, हे मी अजून ठरविलेले नाही. कदाचित त्याच्याशी बोलून, हिशेब मांडून ठरवीन. पण देव बघतो म्हणून सही करणार नाही. देव बघत असेल, तर तो दोघा भावंडांकडे सारख्याच नजरेने बघत असेल, असे मी मानते. ही माझी श्रद्धा आहे. सुदैवाने, आज देशाचा कायदाही तेच म्हणतो.

— एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष कला